हृदयाच्या बारीक वाटा व त्यांची बिनछेद परीक्षा

"अँजिओग्राफी झाली, मोठ्या रक्तवाहिन्यांत कोठेंहि अडथळा नाहीं, काळजीचें कारण नाहीं," असें डॉक्टरांनीं सांगितलें म्हणजे घरांतील सर्व मंडळींस हायसें वाटतें. देवापुढें साखर ठेवली जाते, परगांवच्या नातलगांस कळविण्यांत येतें आणि दुखणाईत माणूस घरीं येतें. परंतु पुढें चार-सहा आठवड्यांनीं जिना चढतांना तेंच ओझें छातीवर पुन्हां बसतें, तीच कळ डाव्या हातांत उतरते, आणि आतां मात्र तें कोणास सांगावयाची त्या माणसास चोरी होते. एवढ्या खर्चाची परीक्षा झाली, तींत कांहीं निघालें नाहीं. मग हें दुखणें खरें कसें मानावें? दुखणाईत जर घरची सून किंवा वहिनी असेल, तर 'वायु झाला असेल', 'पित्त उसळलें असेल', 'मनच फार हळवें आहे' असे अभिप्राय माजघरापासून ओटीपर्यंत निघूं लागतात. आणि शेवटीं तीहि बिचारी आपलें दुखणें खोटेंच असावें असें समजूं लागते.

या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत या एका वाक्यानें हृदयाची चौकशी संपत नाहीं. हृदयास रक्त पोंचविणाऱ्या वाटांपैकीं त्या परीक्षेंत दिसणाऱ्या मोठ्या वाटा थोड्या आणि न दिसणाऱ्या बारीक वाटा असंख्य आहेत. रोग या दुसऱ्या वाटांतहि असूं शकतो. तो ओळखण्याचीं साधनें आतां निघालीं आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं अशीं आहेत कीं, त्यांकरितां हृदयापर्यंत नळी घालावी लागत नाहीं. हीं साधनें कोणतीं, तीं काय सांगतात आणि काय सांगत नाहींत, हें सुशिक्षित घरांतून ठाऊक असणें आम्हांस अत्यंत इष्ट वाटतें.

आगबोट आणि पडाव

रत्नागिरीच्या मांडवी बंदराची जुनी हकीकत ज्यांनीं घरच्या वडील माणसांच्या तोंडून ऐकली असेल, त्यांस हा विषय समजावयास मुळींच अवघड पडूं नये. मांडवी या शब्दाचा अर्थच जकातीचें ठाणें असा आहे. म्हणजे मालाची चढउतार हाच त्या जागेचा पिढीजाद व्यवसाय. कोंकणच्या किनाऱ्यानें आगबोटी चालत त्या काळीं मुंबईची बोट कांहीं थेट धक्क्यास लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यांत नांगर टाकून उभी राही, आणि उतारू, पेट्या व टपाल यांची ने-आण लहान पडावांतून आणि मचव्यांतून होई. आगबोट कितीहि मोठी असो, तिचा मुंबईपासूनचा मार्ग कितीहि निर्वेध असो; पडाव वेळेवर आले नाहींत, खलाशी कमी पडले किंवा समुद्र खवळला, तर बोट समोर दिसत असूनहि माल किनाऱ्यास लागत नसे. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या माणसास त्या वेळीं 'बोट वेळेवर आली आहे' हें सांगून काय समाधान होणार?

आगबोटींचा तो काळ मागें पडला. पण शरीरांतील व्यवस्था हुबेहूब तशीच आहे. हृदय सर्व शरीरास रक्त पुरवितें खरें, परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूंस रक्त मिळतें तें महाधमनीच्या मुळापासून निघणाऱ्या दोन खास धमन्यांच्या द्वारें. या धमन्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जातात आणि त्यांची जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर असते. या आमच्या आगबोटी होत. त्यांस फांद्या फुटत फुटत अर्ध्या मिलिमीटरहून बारीक अशा असंख्य शाखा स्नायूंत शिरतात, आणि शेवटीं केशवाहिन्यांचें जाळें लागतें. केंस म्हणण्यासारख्याहि त्या जाड नसतात. तांबडी रक्तपेशी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे सात-आठ भाग एवढी रुंद असते. आणि केशवाहिनी पुष्कळदां तिच्याहूनहि अरुंद असल्यामुळें पेशींस एकामागें एक, अंग चोरून, वांकून जावें लागतें. हृदयाच्या स्नायूच्या एका चौरस मिलिमीटरमध्यें अशा सुमारें तीन हजार केशवाहिन्या आढळतात. प्राणवायु रक्तांतून स्नायूस मिळतो तो येथेंच. मोठ्या धमनींत तो केवळ वाहून नेला जातो.

केशवाहिन्यांच्या अलीकडे ज्या बारीक धमन्या असतात त्यांच्या भिंतींत स्नायूंचे वेढे असतात. पोफळीच्या आगरांत पाणी सोडतांना पाटाचें तोंड जसें कधीं मोकळें करावें, कधीं मातीचा पेंड लावून आवळावें लागतें, तसें काम हे वेढे क्षणोक्षणीं करीत असतात. कोणत्या भागास किती रक्त द्यावयाचें याचा निवाडा मुख्यतः या बारीक धमन्याच करितात. म्हणून त्या बिघडल्या म्हणजे मोठी नळी कितीहि स्वच्छ असली तरी पाणी शेवटच्या झाडास पोंचत नाहीं.

या बारीक वाटांचा शोध कसा लागला

विल्यम हार्वी या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धांत ग्रंथरूपानें मांडला. धमन्यांतून रक्त बाहेर जातें व शिरांतून परत येतें, हें त्यानें प्रयोगानें दाखविलें. परंतु धमनींतलें रक्त शिरेंत शिरतें कोठून, तो दुवा त्यास पाहावयास मिळाला नाहीं. तो १६५७ सालीं वारला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनीं, १६६१ सालीं, मार्चेल्लो माल्पीगी या इटालियन शास्त्रज्ञानें बेडकाच्या फुप्फुसावर सूक्ष्मदर्शक लावला, आणि त्यास त्या केशवाहिन्या दिसल्या. हार्वीनें जें तर्कानें गृहीत धरिलें होतें तें माल्पीगीनें डोळ्यांनीं पाहिलें.

यापुढें पुष्कळ काळ या वाहिन्या म्हणजे केवळ निर्जीव नळ्या अशीच समजूत होती. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोघ यांनीं दाखविलें कीं, विश्रांति घेणाऱ्या स्नायूंत पुष्कळ केशवाहिन्या मिटलेल्या असतात आणि श्रम सुरू झाले म्हणजे त्या उघडतात. रक्ताचा पुरवठा गरजेप्रमाणें वाढविण्याची ही युक्ति उलगडल्याबद्दल त्यांस १९२० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९८० सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट फर्चगॉट यांनीं असें सिद्ध केलें कीं, रक्तवाहिनीचें आंतील नाजूक अस्तर शाबूत असेल तरच ती कांहीं विशिष्ट प्रसंगीं सैल पडते. त्या अस्तरांतून स्रवणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड हा वायु असल्याचें पुढें ठरलें, आणि या शोधाचें नोबेल पारितोषिक १९९८ सालीं फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद या तिघांस वांटून देण्यांत आलें. हें अस्तर बिघडणें हा बारीक वाहिन्यांच्या रोगाचा एक मुख्य आरंभ होय.

राखीव प्रवाह

हृदयाच्या स्नायूंतून विश्रांतीच्या वेळीं दर मिनिटास सुमारें पाव लिटर रक्त जातें. शरीरांतील इतर स्नायू आलेल्या रक्तांतील प्राणवायूचा थोडा भाग घेऊन बाकीचा सोडून देतात. त्यामुळें निकड पडली तर त्याच रक्तांतून अधिक घेण्याची त्यांस सोय असते. हृदयाचें तसें नाहीं. तें स्वस्थ बसलेल्या माणसांतहि रक्तांतील प्राणवायूचा शेंकडा ७० च्या सुमारास भाग काढून घेतें. म्हणून श्रम वाढले म्हणजे त्यास अधिक रक्त मिळणें हाच एक मार्ग उरतो. निकोप माणसांत हा प्रवाह तिप्पट-चौपट होऊं शकतो. या वाढीच्या सामर्थ्यास आम्ही येथें 'राखीव प्रवाह' असें म्हणूं. घरखर्चांत जसा सणावारासाठीं कांहीं ऐवज बाजूला असावा लागतो, तसाच हा ऐवज आहे.

राखीव प्रवाह आटला म्हणजे काय होतें हें सांगावयास यंत्र नको. मांडवीच्या काळ्या वाळूवरून सपाटीनें सायंकाळीं फिरणाऱ्या गृहस्थास कांहींच होत नाहीं. तोच गृहस्थ रत्नदुर्गाच्या चढणीनें भगवतीच्या देवळाकडे निघाला कीं अर्ध्या वाटेंत छाती दाटते, आणि घटकाभर थांबलें म्हणजे पुन्हां मोकळी होते. हृच्छूलाचें हें लक्षण विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्यानें १७६८ सालींच नमूद करून ठेविलें आहे.

हा ऐवज दोन कारणांनीं आटतो. मोठी धमनी चरबीच्या थरांनीं अरुंद झाली तर आटतो, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. १९५८ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें मेसन सोन्स यांच्या हातून हृदयाच्या धमनींत थेट रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनीं तिचें चित्र घेण्याची पद्धति निघाली. हीच आपली अँजिओग्राफी. तिच्या योगानें अगणित लोकांचे प्राण वांचले आहेत, आणि तिचें महत्त्व कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तिला साधारण अर्ध्या मिलिमीटरहून जाड नळ्याच दिसतात. ती आगबोट दाखविते. पडाव दाखवीत नाहीं. पडावच नादुरुस्त असतील तर चित्र स्वच्छ येतें आणि दुखणें कायम राहतें.

असे रोगी थोडे आहेत असें कोणी समजूं नये. हृदयाचा रोग पूर्वी ठाऊक नसलेल्या जवळ जवळ चार लाख अमेरिकन लोकांच्या अँजिओग्राफीचा ताळा २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मोठ्या धमनीचा लक्षणीय अडथळा शेंकडा सुमारें ३८ जणांतच निघाला. बाकीच्या सर्वांस बारीक वाहिन्यांचा रोग होता असा याचा अर्थ नव्हे. कांहींचें दुखणें अन्ननलिकेचें, कांहींचें बरगड्यांचें, कांहींचें खरोखर मनाचेंहि असेल. पण कोणाचें कोणतें, हें ठरविण्याचा प्रश्न मोठा आहे हें त्यावरून दिसतें. १९७३ सालीं केम्प या वैद्यानें या कोड्यास 'एक्स' लक्षणसमूह असें नांव दिलें. बीजगणितांत अज्ञातास जें अक्षर देतात तेंच.

स्त्रियांच्या बाबतींत हें कोडें विशेष महत्त्वाचें ठरलें. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें १९९६ सालीं स्त्रियांच्या हृच्छूलाची खास पाहणी सुरू केली. छातींत दुखत असून मोठ्या धमन्या मोकळ्या असलेल्या ज्या स्त्रियांचा राखीव प्रवाह तींत मोजला, त्यांपैकीं जवळ जवळ निम्म्या स्त्रियांत तो कमी आढळला. म्हणजे ज्यांस 'कांहीं झालें नाहीं' असें सांगून घरीं पाठविण्यांत येत असे, त्यांतील पुष्कळींस खरोखरच कांहींतरी झालें होतें.

हृदयाची परीक्षा : तीन साधनें

आतां प्रत्यक्ष परीक्षांकडे वळूं. हृदयाच्या बारीक वाहिन्या जिवंत माणसांत डोळ्यांनीं पाहतां येत नाहींत. म्हणून सर्व साधनांचें मर्म एकच आहे: विश्रांतीच्या वेळचा प्रवाह मोजावयाचा, औषधानें वाहिन्या सैल करून पुन्हां मोजावयाचा, आणि दोहोंचें प्रमाण काढावयाचें. या परीक्षांस बिनछेद म्हणतात तें हृदयांत नळी जात नाहीं म्हणून. हाताच्या शिरेंत सुई टोंचावी लागते, हें आधींच सांगितलेलें बरें.

पहिलें साधन ध्वनिलहरींचें. आगगाडी जवळ येतांना तिच्या शिटीचा स्वर चढा आणि दूर जातांना उतरता भासतो, याचें कारण ख्रिस्तियन डॉप्लर यांनीं १८४२ सालीं सांगितलें. वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनिलहरींचा स्वर असाच बदलतो, आणि त्यावरून रक्ताचा वेग निघतो. छातीवर सोनोग्राफीचें यंत्र ठेवून डाव्या धमनीची जी शाखा हृदयाच्या पुढील अंगावरून खालीं उतरते तिच्यांतील वेग आधीं टिपतात. मग शिरेवाटे ॲडिनोसीन नांवाचें औषध कांहीं मिनिटें सोडून पुन्हां टिपतात. वेग दुपटीपर्यंतहि गेला नाहीं तर राखीव प्रवाह निश्चित कमी समजतात. कांहीं ठिकाणीं अडीचपट ही मर्यादा धरितात. डेन्मार्कमध्यें ९६३ स्त्रियांची अशी परीक्षा झाली व तिचे निष्कर्ष २०१६ सालीं आले. या सर्वजणींस हृच्छूल होता, मोठ्या धमनींत अडथळा नव्हता. आणि त्यांपैकीं शेंकडा २६ जणींत वेग दुपटीहून कमी वाढला. तसेंच, हृदयाचें आकुंचन चांगलें असूनहि तें नीट सैल पडत नसल्यामुळें धाप लागणाऱ्या २०२ रोग्यांची पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकीं १५१ जणांत याच पद्धतीनें राखीव प्रवाह कमी निघाला. म्हणजे धापेच्या दुखण्यांतहि या बारीक वाटांचा हात असूं शकतो.

या साधनाचा मोठा गुण असा कीं, तें सोनोग्राफीच्या नेहमींच्या जातीचें यंत्र आहे व त्यांत क्ष-किरण नाहींत. दोष असा कीं, तें करणाऱ्याच्या हातांत विशेष कसब लागतें, स्थूल छातींत चित्र नीट मिळत नाहीं, आणि एकाच धमनीचा हिशेब कळतो.

दुसरें साधन पी.ई.टी. यंत्राचें. अल्पायुषी किरणोत्सर्गी द्रव्य शिरेंत देऊन तें हृदयाच्या कोणत्या भागांत किती वेगानें शिरतें हें यंत्र टिपतें. दर मिनिटास दर ग्रॅम स्नायूमागें किती रक्त जातें हें त्यावरून काढतां येतें. म्हणून मोजमापाच्या बाबतींत हें साधन सर्वांत भरंवशाचें मानितात. भारतांतील पहिलें असें यंत्र व त्यास लागणारें द्रव्य तयार करणारें वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ सालीं मुंबईस परळ येथें अणुशक्ति खात्याच्या किरणोत्सर्गी वैद्यक केंद्रांत बसविण्यांत आलें. परंतु हृदयासाठीं वापरण्याचें एक द्रव्य, नायट्रोजन-१३, दर दहा मिनिटांस निम्में होत जातें. तें तयार झाल्या जागींच वापरावें लागतें. परळाहून रत्नागिरीस पाठविण्याची गोष्टच नको. याच कारणानें ही परीक्षा मोठ्या शहरांतील मोजक्या ठिकाणांपुरतीच राहिली आहे.

तिसरें साधन एम.आर.आय. चुंबकीय यंत्रांत रोग्यास निजवून शिरेवाटे गॅडोलिनियमचें द्रव्य देतात व स्नायूच्या कोणत्या थरांत तें उशिरां पोंचतें हें पाहतात. यांतहि क्ष-किरण नाहींत. परंतु मूत्रपिंडें अधू असल्यास डॉक्टरांस तें आधीं सांगणें अगत्याचें असतें.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली अशी कीं, राखीव प्रवाह मोठ्या धमनीच्या अडथळ्यानेंहि कमी होतो. म्हणून आकडा कमी आला तर तो बारीक वाहिन्यांच्या माथीं मारण्यापूर्वी मोठ्या मोकळ्या असल्याची खात्री हवी. ही खात्री आजकाल पुष्कळ रोग्यांत सी.टी. यंत्रानें, नळी न घालतां, करून घेतां येते. दुसरी गोष्ट घरगुती आहे. चहा-कॉफींतील कॅफीन हें ॲडिनोसीनच्या कार्यास आडवें येतें. म्हणून परीक्षेपूर्वी सांगितलेल्या मुदतीपर्यंत, बहुधा आदल्या दिवसापासून, चहा-कॉफी पूर्ण वर्ज्य करावी लागते. 'अर्धा कपच घेतला' असें म्हणून चालत नाहीं. तेवढ्यानें परीक्षा फुकट जाऊं शकते. औषध चालू असतां धाप किंवा छातींत जडपणा वाटतो, तो तें थांबवितांच लवकर ओसरतो. दम्याचा विकार असल्यास मात्र तें आधींच सांगावें.

बोट, नख, डोळा आणि जीभ

हृदयांतील बारीक वाहिन्या दिसत नसल्या तरी शरीराच्या कांहीं ठिकाणीं त्या दिसतात. शास्त्रज्ञांनीं साहजिकच असा विचार केला कीं, एकीकडच्या वाहिन्या बिघडल्या असतील तर दुसरीकडच्याहि थोड्याफार बिघडल्या असतील. तर मग या खिडक्यांतून डोकावून पाहावें.

यांतील सर्वांत जुनी खिडकी डोळ्याची. हेल्महोल्ट्झ यांनीं १८५१ सालीं नेत्रदर्शक यंत्र काढलें, आणि डोळ्याच्या आंतील पडद्यावरील बारीक धमन्या जिवंत माणसांत प्रथमच स्पष्ट दिसल्या. त्या धमन्या अरुंद असलेल्या स्त्रियांस पुढें हृदयरोग होण्याचा संभव अधिक असतो, पुरुषांत मात्र तसा संबंध आढळला नाहीं, असें एका अमेरिकन पाहणींत २००२ सालीं दिसून आलें. नखाच्या मुळाशीं तेलाचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकांतून पाहिल्यास केशवाहिन्यांच्या कमानी ओळीनें उभ्या दिसतात. कातडी ताठरणाऱ्या कांहीं रोगांच्या निदानांत याचा उत्तम उपयोग होतो. १९७५ सालापासून लेसर किरणांनीं त्वचेंतील प्रवाह अजमावण्याची पद्धतीहि निघाली आहे. दुसऱ्या एका परीक्षेंत दंडावरील पट्टा पांच मिनिटें आवळून मग सोडतात आणि बोटांतील रक्ताचा लोट किती वाढतो तें मोजतात; अस्तर निरोगी असेल तर लोट जोरानें येतो.

अत्यवस्थ रोग्यांत जिभेखालच्या केशवाहिन्या लहान कॅमेऱ्यानें पाहतात. हृदय एकाएकीं निकामी होऊन रक्तदाब कोसळलेल्या रोग्यांत या वाहिन्यांपैकीं वाहत्या वाहिन्यांचें प्रमाण घटलेलें असतें, आणि जे दगावले त्यांच्यांत तें अधिक घटलेलें होतें, असें बेल्जममधील वैद्यांनीं २००४ सालीं दाखविलें. याच तत्त्वाची साधी परीक्षा प्रत्येक इस्पितळांत होते: नख दाबून पांढरें करावयाचें आणि सोडल्यावर तांबूसपणा किती सेकंदांत परत येतो हें पाहावयाचें. निरोगी तरुण माणसांत हें दोन सेकंदांच्या आंत घडतें. वृद्धांत व थंडींत थोडा वेळ अधिक लागतो, हें विसरूं नये.

या खिडक्या उपयोगी आहेत. पण खिडकी म्हणजे घर नव्हे. बोटांतील वा नखांतील प्रवाह चांगला आला म्हणून हृदयांतील चांगलाच असेल असें म्हणतां येत नाहीं, आणि वाईट आला म्हणून हृच्छूल ठरत नाहीं. कोरोनाच्या साथींत, म्हणजे २०२० सालानंतर, बोटास लावावयाचा चिमटा घरोघर आला. ताकुओ आओयागी या जपानी संशोधकानें १९७४ च्या सुमारास ज्या तत्त्वाचा शोध लावला त्यावर तो चालतो आणि रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण तो चांगलें सांगतो. परंतु तो शेंकडा ९८ दाखवीत असतांनाहि हृदयाचा स्नायू रक्तावांचून तळमळत असूं शकतो. 'बोट यंत्रांत घाला, हृदयाचें भविष्य जाणा' अशा मजकुराच्या जाहिरातींपासून वाचकांनीं सावध राहावें असें आम्हांस आवर्जून सांगावेंसें वाटतें.

आपल्याकडचा विशेष

बारीक वाहिन्यांस अपाय करणारीं मुख्य कारणें म्हणजे वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, रक्तांतील चरबीचा बिघाड आणि वाढतें वय. यांपैकीं पहिल्या दोहोंच्या अभ्यासांत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ब्रिटिश नियतकालिकांत मांडला, तेव्हां पाश्चात्य वैद्यांचें लक्ष त्या वनस्पतीकडे वेधलें. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखविलें आहे कीं, आपल्याकडचीं मुलें जन्मतःच वजनानें हलकीं असूनहि त्यांच्या अंगीं चरबीचें प्रमाण तुलनेनें अधिक असतें. २००४ सालीं त्यांनीं व त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांनीं आपलाच दाखला छापला. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि २२.३, परंतु चरबी युडकिन यांच्या अंगीं शेंकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या अंगीं २१.२. शिडशिडीत अंगकाठी म्हणजे निरोगी अंग, या आपल्या घरांतील लाडक्या समजुतीस याहून चांगलें उत्तर आम्हांस माहीत नाहीं. बैठें काम, गोडाधोडाची आवड व घराण्यांत मधुमेह असेल तर 'आमच्याकडे सगळे सडपातळच' हें समाधान खोटें आहे.

घरच्या मंडळींनीं काय करावें

पहिलें व सर्वांत महत्त्वाचें: छातींतील नवी कळ, किंवा विश्रांति घेऊनहि कांहीं मिनिटांत न ओसरणारी कळ, सोबत घाम, धाप किंवा ओकारी, असें झालें तर या लेखांतील एकहि परीक्षा शोधीत बसूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रोग्यास तात्काळ जवळच्या रुग्णालयांत न्यावें. तेथें ई.सी.जी. हीच पहिली परीक्षा. एकदां अँजिओग्राफी चांगली आली होती म्हणून अशा वेळीं स्वस्थ राहणें घातक आहे.

दुसरें: अडथळा नसल्याचा अहवाल येऊनहि श्रमानें दुखणें चालूच राहिलें, तर रोग्यानें चार आठवडे टिपण ठेवावें. कळ केव्हां आली, काय करीत असतां आली, किती मिनिटें टिकली, थांबल्यानें गेली कीं नाहीं. घरांतील स्त्रिया असें टिपण ठेवण्यास संकोचतात. त्यांच्याकरितां तें दुसऱ्या कोणी आस्थेनें लिहून घ्यावें. मग डॉक्टरांस नम्रपणें एक प्रश्न विचारावा: "मोठ्या धमन्या मोकळ्या आहेत हें समजलें, बारीक वाहिन्यांचा राखीव प्रवाह मोजण्याची यांस गरज आहे काय?" सर्वांस ती गरज असतेच असें नाहीं, पुष्कळदां डॉक्टर लक्षणांवरून औषध सुरू करून गुण पाहतात, आणि तेंहि योग्यच असतें.

तिसरें: निदानाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. ग्लासगो येथें १५१ रोग्यांवर झालेल्या एका प्रयोगाचें फळ २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. तेथील परीक्षा नळी घालूनच केलेली होती, हें खरें; पण ज्यांच्या वाहिन्यांचा बिघाड नेमका ओळखून त्याप्रमाणें औषध दिलें, त्यांचें दुखणें सहा महिन्यांनीं इतरांपेक्षां कमी झालें होतें. बारीक वाहिनींत स्टेंट घालतां येत नाहीं. तिच्यावर उपाय औषधांचा, रक्तदाब व साखर आटोक्यांत ठेवण्याचा, तंबाखू सोडण्याचा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें नेमानें चालण्याचा. औषधेंहि बिघाडाच्या जातीप्रमाणें निराळीं असतात. म्हणून शेजाऱ्यास लागू पडलेली गोळी आपल्या मनानें घेऊं नये.

चौथें: ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं दरवर्षीं डोळ्याच्या पडद्याची परीक्षा करून घ्यावी. ती दृष्टि वांचविण्यासाठीं तर आहेच. शिवाय शरीरांतील बारीक वाहिन्या उघड्या डोळ्यांसमोर येण्याची तीच एक सोपी जागा आहे.

एकत्र कुटुंबांत दुखणें एकाचें असलें तरी त्याचा न्याय सगळें घर करितें. अहवालावर 'अडथळा नाहीं' असें छापून आलें म्हणजे तो न्याय फार लवकर होतो, आणि बहुधा तो सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाच्या विरुद्ध होतो. त्या कागदानें मोठ्या नळ्यांची साक्ष दिली आहे. बारीक वाहिन्यांची साक्ष अजून झालेली नाहीं. ती होईपर्यंत जिना चढतांना मध्यें थांबणाऱ्या वहिनींस कोणी आळशी म्हणूं नये, आणि पाण्याची कळशी तिच्या हातून घेण्यास घरांतील तरुणांनीं कमीपणा मानूं नये. एवढें प्रत्येक घरांत झालें तरी या लेखाचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.